२०२६च्या एफ-वन गाडीचे हलते पंख ओव्हरटेकिंगसाठी नाहीतच मुळी

खाडीकाठचा (कोपरी, ठाणे पूर्व)

आमच्या ग्रुपवर एकच तुणतुणं चालू आहे: "डीआरएस काढलं म्हणे, आणि आता पुढचाही पंख उघडतो. म्हणजे डबल डीआरएसच की!" (डीआरएस म्हणजे ओव्हरटेक करायला सरळ पट्ट्यावर मागचा पंख उघडायची जुनी सोय.) ग्रुपवर कोणी चार ओळींपेक्षा जास्त वाचत नाही, म्हणून इथे धागा काढतोय.

आधी काय बदललं ते. गाडी लहान झाली. व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराची, कमाल मर्यादा ३६०० मिमी होती, ती ३४०० झाली. रुंदी २००० वरून १९०० मिमीवर आली. किमान वजन ८०० किलोवरून ७६८ किलो. टायर १८ इंचीच राहिले, पण पुढचे २५ आणि मागचे ३० मिमीने अरुंद झाले. २०२२ पासून गाडीच्या पोटाखाली जे लांबलचक व्हेंच्युरी बोगदे (हवा वेगाने नेऊन गाडी खाली खेचणारे) होते ते गेले, आता फ्लोअर बराचसा सपाट आणि मागे मोठा डिफ्यूझर (वर चढत जाणारा तळ). मागच्या मोठ्या पंखाखालची छोटी बीम विंग गेली, पुढच्या चाकांवरच्या कमानी गेल्या. आणि डोळ्यात भरणारा बदल म्हणजे दोन्ही पंखांचे फ्लॅप हलतात. वळणावर उभे, सरळ पट्ट्यावर आडवे.

जुनं डीआरएस फक्त मागच्या पंखाला होतं, आणि शर्यतीत पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत असाल तरच मिळायचं. आताचा स्ट्रेट मोड, म्हणजे दोन्ही पंख आडवे करणं, सगळ्यांना, दर लॅपला, आखून दिलेल्या पट्ट्यांवर. पुढे कोणी असो वा नसो. जी गोष्ट दोघांकडेही आहे तिच्या जोरावर एकाने दुसऱ्याला गाठायचं कसं? माझं म्हणणं, हे पंख बॅटरीसाठी उघडतात.

हिशोब करून बघा. एमजीयू-के म्हणजे विजेची मोटर. ती १२० किलोवॅटची होती, आता ३५० ची झाली. बॅटरीतून एका दमात काढता येणारी ऊर्जा मात्र ४ मेगाज्यूल. पूर्ण ३५० किलोवॅटने ओढलं तर साडेअकरा सेकंदांत खडखडाट. बाकूचा पट्टा दोन किलोमीटरहून लांब आहे, तिथे अर्ध्यातच दिवे गेले समजा. इंजिनकडून उरलं ४०० किलोवॅटच्या आसपास, पूर्वी ते साडेपाचशेच्या घरात होतं. आता हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद घनाने. २०० किमीवरून ३०० वर गेलात की रोध सव्वादोनपट, आणि ताकद सव्वातीनपटीच्याही वर. मागच्या पिढीच्या गाडीएवढा ड्रॅग (हाच हवेचा रोध) ठेवला असता, तर पट्ट्याच्या शेवटी सगळ्या गाड्या धापा टाकत पोचल्या असत्या. म्हणून ड्रॅग पाडायचा, म्हणून फ्लॅप आडवे. एवढा मोठा ड्रॅग फक्त मागचा पंख झोपवून पाडला तर मागची चाकं हलकी आणि नाक जड, असा तोल जातो. म्हणून पुढचाही झोपवायचा.

ओव्हरटेकिंगची सोय वेगळीच आहे, ती विजेची. नियमात असं आहे की पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत असाल, तर ३३७ किमीपर्यंत पूर्ण ३५० किलोवॅट मिळतात. पुढच्याची वीज मात्र २९० नंतर उतरत जाते. त्यात पंखांचा काही हात नाही.

मंडळी, झोडा आता.

पिटलेन (घणसोली)

हिशोब बरोबर आहे रे, पण तू तो फारच कौतुकाने मांडलास. मला यात दिसतं ते असं: आधी ठरलं की ताकद अर्धी इंजिनाची, अर्धी विजेची. त्याच वेळी एमजीयू-एच (टर्बोला जोडलेली दुसरी विजेची मोटर) काढून टाकलं, कारण ते महागडं आणि किचकट, आणि ते असेपर्यंत ऑडीसारखे नवे खेळाडू यायला तयार नव्हते. पण तेच एक यंत्र एक्झॉस्टच्या उष्णतेतून वीज करायचं, ब्रेक न दाबता. ते गेलं, वीज पुरेना, मग एरोवाल्यांना (गाडीभोवतीच्या हवेचं बघणाऱ्यांना) बोलावून सांगितलं, आता तुम्हीच काय ते करा. इंजिनवाल्यांनी उधारी करायची आणि पंखांनी फेडायची. याला मी डिझाइन म्हणत नाही, डागडुजी म्हणतो.

जुन्या दहा सिलिंडरच्या व्ही-१० इंजिनाचा आवाज पुन्हा ऐकवा, मग हवे तितके पंख हलवा.

खाडीकाठचा

डागडुजी तर डागडुजी. एफ-वनमधली कुठली एरो कल्पना दुसऱ्याच्या अडचणीतून आलेली नाही ते सांग. आणि व्ही-१० चं रडगाणं दर धाग्यावर असतंच तुझं.

मेशवाली (ऐरोली)

धागा आवडला. मी पोटापाण्यासाठी औद्योगिक ब्लोअरचं सीएफडी (संगणकावर हवेच्या प्रवाहाचं गणित) करते, गाड्यांचं नाही. पण हवा दोन्हीकडे सारखीच छळते.

पंख हलवणं नवं नाही. २००९ ला ड्रायव्हरला पुढचा फ्लॅप लॅपमध्ये दोनदा, ६ अंशांपर्यंत हलवायची मुभा होती. फारसं कोणाला आठवत नाही, कारण त्याने पाठलाग सोपा झाला नाही आणि २०११ ला डीआरएस आल्यावर ती मुभा गेली. मूळ बंदी १९६९ ची. बार्सिलोनात मोंटजुइकच्या रस्त्यांवर ग्रॅहॅम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही लोटसचे उंच काठ्यांवरचे पंख एकाच शर्यतीत मोडले. त्याच्या पुढच्याच मोनॅकोच्या शर्यतीला उंच पंखांवर बंदी आली, आणि पंख गाडीला घट्ट बसलेला हवा हा नियम तिथून रुजला. म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं जे चोरून करायचं होतं ते आता उघडपणे करायला सांगितलंय.

पण पंखांकडे सगळ्यांचं लक्ष जातं आणि फ्लोअरवर कोणी बोलत नाही, ही माझी तक्रार आहे. खाडीकाठचे, तुम्हीही त्याला एक वाक्य दिलंत! खरा मोठा निर्णय तोच आहे.

बोगद्यांचा फ्लोअर काय करतो? ठाण्याहून कळव्याकडे जाताना शेजारच्या ट्रॅकवरून फास्ट गाडी धडधडत गेली की दारातला माणूस तिच्याकडे ओढला जातो, आपण सगळ्यांनी अनुभवलंय. दोन डब्यांमधल्या चिंचोळ्या जागेत हवा वेगाने जाते आणि तिथला दाब पडतो. एफ-वनमध्ये दुसऱ्या डब्याच्या जागी जमीन असते. फ्लोअर आणि डांबर यांच्यामधून हवा पळते, दाब पडतो, गाडी खाली खेचली जाते, आणि पंखाच्या मानाने ड्रॅग कमी. १९७८ मध्ये लोटस ७९ ने हेच केलं आणि मारिओ अँड्रेटी विजेता झाला. १९८३ ला सपाट तळ सक्तीचा झाला. २०२२ ला बोगदे परत आले. आता पुन्हा सपाटाकडे. घड्याळाचा लंबक इतका नियमित हलत नाही.

बोगद्यांची खोड अशी की जमिनीच्या जितकं जवळ, तितकी ओढ जास्त. ओढ वाढली की गाडी अजून खाली बसते, मग अजून ओढ. शेवटी इतकी कमी जागा राहते की हवा कोंडते, ओढ एकदम सुटते, गाडी वर उसळते, आणि पुन्हा पहिल्यापासून. हेच पॉर्पॉइझिंग. २०२२ ला बाकूत लुईस हॅमिल्टन कंबर धरून गाडीतून उतरला ते आठवत असेल. मग त्या वर्षीच्या बेल्जियमपासून एफआयएने (खेळाचे नियम करणाऱ्या संस्थेने) उसळण्यावर मर्यादा घातली आणि २०२३ साठी फ्लोअरच्या कडा १५ मिमी वर घ्यायला लावल्या. उसळणं टाळायचं तर सस्पेन्शन दगडासारखं कडक ठेवावं लागे, आणि गाडी अगदी थोड्या उंचीच्या पट्ट्यातच नीट चाले. सपाट फ्लोअरला इतका हट्ट नाही. डाउनफोर्स (गाडी खाली दाबणारी ही ओढ) कमी मिळतो, पण गाडी थोडी वर-खाली झाली म्हणून सगळं हातातून जात नाही.

सायनपनवेल (खारघर)

ताई, मग मर्सिडीजच्या झिरो-साइडपॉडचं, म्हणजे बाजूंचे फुगवटे जवळजवळ काढून टाकलेल्या गाडीचं, काय झालं होतं? दिसायला ती गाडी काय देखणी होती. मला अजूनही वाटतं की कल्पना बरोबर होती.

मेशवाली

साइडपॉड दिसतो म्हणून बदनाम झाला, असं माझं मत. २०२२ च्या बहारीन चाचणीत ती अरुंद बाजूंची डब्ल्यू-१३ आली आणि सगळे तोंडात बोटं घालून बघत राहिले. २०२३ च्या मोनॅकोला त्यांनी साइडपॉड चारचौघांसारखे केले, त्याने गाडी एका रात्रीत विजेती झाली नाही. दुखणं खाली होतं.

आणि ते आधी दिसलं का नाही, तर विंड टनेलच्या (मॉडेलवर हवा सोडून चाचणी घ्यायच्या बोगद्याच्या) मर्यादा बघा. नियमाने मॉडेल जास्तीत जास्त ६० टक्के आकाराचं, हवेचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किमी. गाडी उसळायची ती सरळ पट्ट्यावर, त्याच्या कितीतरी वरच्या वेगाला. शिवाय टनेलमधलं मॉडेल एका खांबावर धरलेलं असतं, त्याला खऱ्या टायरची आणि स्प्रिंगांची लवचीकता नसते. कागदावर अफाट डाउनफोर्स दिसला, तो होताही, फक्त गाडी जिथे बसायला हवी तिथे बसत नव्हती. आमच्याकडेही क्लायंटला सांगावं लागतं, की सिम्युलेशन तुम्ही विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर देतं.

लेथवाले काका (वागळे इस्टेट, ठाणे)

तुमची हवेची गणितं वाचतोय, निम्मी डोक्यावरून गेली. माझा प्रश्न कारखान्यातला आहे. फ्लॅप उघडला, पण बंद झाला नाही तर? जिथे हलणारा भाग, तिथे पिव्हट. जिथे पिव्हट, तिथे खेळ, म्हणजे सैलपणा. आणि खेळ आज ना उद्या वाढतोच.

खाडीकाठचा

काका, झालंय तसं. २०१८, मॉन्झा, सराव सत्र. मार्कस एरिक्सनच्या साउबरचा डीआरएस फ्लॅप पट्ट्याच्या शेवटी मिटलाच नाही. ब्रेक लावला, मागची चाकं हलकी, गाडी भिंतीवर आणि मग कोलांट्या. तो धडधाकट बाहेर आला हे नशीब. २०२५ ला सुझुकात जॅक डूहानचंही पहिल्या वळणावर असंच, पण तिथे यंत्र बिघडलं नव्हतं. फ्लॅप ब्रेक दाबला की आपोआप मिटतो. त्याने न मिटवताच वळण घेतलं.

लेथवाले काका

म्हणजे एकदा यंत्र आणि एकदा माणूस. आता पुढेही एक बसवलाय, तर बिघाडाच्या जागा दुप्पट. पुढचा मिटला आणि मागचा उघडा राहिला तर?

मेशवाली

ती सगळ्यात वाईट शक्यता, काका. नाक चिकटलेलं आणि शेपूट सुटलेलं, गाडी जागीच गिरकी घेणार. उलटं झालं, म्हणजे मागचा मिटला आणि पुढचा उघडा राहिला, तर ती नुसती सरळ जाईल. तेही बरं नाही, पण त्यातल्या त्यात. डीआरएसच्या नियमात अट होती की यंत्रणा बंद पडली तर फ्लॅप मिटलेल्या स्थितीतच यायला हवा. बिजागर कुठे ठेवायचं हे म्हणूनच महत्त्वाचं, हवेचा दाबच फ्लॅपला मिटवण्याच्या बाजूने ढकलेल असं ठेवलं तर अर्धी काळजी मिटते. त्याची किंमत म्हणजे उघडायला आणि उघडा धरून ठेवायला जास्त जोर, म्हणजे जड ॲक्च्युएटर (फ्लॅप हलवणारं यंत्र). आणि तो बसणार पुढच्या पंखात किंवा नाकात, गाडीच्या अगदी टोकाला, जिथे कोणालाच वजन नको असतं.

आणखी एक. फ्लॅप मिटला म्हणून डाउनफोर्स त्याच क्षणी येत नाही. सुटलेली हवा पुन्हा पृष्ठभागाला चिकटायला क्षणभर लागतो. ड्रायव्हर मात्र तेवढ्यात ब्रेकवर असतो.

पिटलेन

काकांच्या 'खेळ' वरून आठवलं. २०२४ ला बाकूत मॅक्लारेनच्या मागच्या पंखाचा वरचा फ्लॅप वेगात किंचित वर सरकताना दिसला आणि मिनी-डीआरएस म्हणून बोंबाबोंब झाली. मग २०२५ च्या स्पेनपासून पुढच्या पंखाच्या लवचीकतेची चाचणीही कडक केली, ठरावीक वजन लावल्यावर १५ मिमी वाकायला परवानगी होती ती १० वर आणली. एवढी वर्षं पंख वाकवून जे मिळवलं, ते आता बटण दाबून सगळ्यांना. वाकवण्यातली कारागिरी मला जास्त आवडायची, खरं सांगतो.

नेरूळकर_वेल्डिंग (नेरूळ)

नमस्कार ताई, दादा, काका. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी स्वतः छोटी रेसिंग गाडी बनवायची स्पर्धा) टीममध्ये. पेट्रोलची गाडी आहे, इनटेकला २० मिमीचा रिस्ट्रिक्टर, म्हणजे हवा अडवणारं नळकांडं. या वर्षी नवीन चॅसिस आणि पहिल्यांदाच पंख. आमच्या कॅप्टनला एफ-वन बघून मागच्या पंखाला सर्व्होवर (छोट्या विजेच्या मोटरवर) उघडणारा फ्लॅप करायचाय. म्हणतो जज इम्प्रेस होतील. माझं मत करू नये असं आहे, पण मला आकड्यांत सांगता येत नाहीये. वेल्डिंग माझ्याकडे, एरो दुसऱ्याकडे होतं, तो इंटर्नशिपला गेला.

मेशवाली

चला, आकडे काढू. तुमच्या ट्रॅकवर, शंकूंच्या मधून, सरासरी वेग पन्नासच्या आसपास. ५० किमी म्हणजे सेकंदाला १४ मीटर. हवेची घनता १.२ धरली तर गतिज दाब साधारण ११८ पास्कल. तीन-चार घटकांचे पंख नीट जमले, तर डाउनफोर्स गुणांक गुणिले क्षेत्रफळ ३ पर्यंत न्यायला हरकत नाही. म्हणजे साडेतीनशे न्यूटन, पस्तीस-छत्तीस किलो. ड्रायव्हर धरून गाडी ३०० किलोची असेल, तर टायरवर बारा टक्के जादा भार. पंखांचं स्वतःचं वजन बारा-पंधरा किलोंच्या आत ठेवलंत, तर स्किडपॅड (गोलात फिरायची चाचणी) आणि ऑटोक्रॉसला (वळणावळणाचा एक लॅप) फायदा नक्की आहे. पंख करा.

आता ड्रॅग. तोच हिशोब, गुणांक गुणिले क्षेत्रफळ १.२ धरा. ५० किमीला लागणारी ताकद दोन किलोवॅट. फ्लॅप उघडून त्यातली निम्मी वाचली तरी एक किलोवॅट, तुमच्या ड्रायव्हरला कळणारही नाही. ७५ मीटरच्या ॲक्सिलरेशन चाचणीत शेवटी शंभरच्या आसपास पोचलात तर तिथे ड्रॅग पंधरा किलोवॅट खातो, हा आकडा मोठा दिसतो, पण तो फक्त शेवटच्या थोड्या मीटरांपुरता. आणि त्यासाठी सर्व्हो नकोच. नियमपुस्तक काढून बघ: तपासणीनंतर पंखाची जागा बदलता येत नाही, पण कोन बदलायला सहसा परवानगी असते. ॲक्सिलरेशनच्या आधी पान्याने फ्लॅप झोपवा, नंतर पुन्हा उभा करा.

एफ-वनला उघडते पंख लागतात कारण ३०० किमीला बॅटरी संपते. तुमच्याकडे ना ३०० किमी, ना ती बॅटरी. कॅप्टनला एवढंच विचार, की तो सर्व्हो कुठल्या चाचणीत किती सेकंद देणार. आकडा आला तर मला दाखव.

बरं, एक सावधगिरी. तुमची वळणं इतकी आवळ असतात की गाडीवर हवा सरळ येतच नाही, पुढच्या पंखाला एका कोनातून आणि मागच्याला दुसऱ्या. सरळ हवेतलं सीएफडी बघून एंडप्लेट (पंखाच्या टोकाची उभी पाटी) ठरवू नकोस. १० अंश तिरक्या हवेतही एक केस चालव. ओपनफोम (सीएफडीचं सॉफ्टवेअर) फुकट आहे, लॅपटॉपला रात्रभर घाम फुटेल एवढंच.

लेथवाले काका

बाळा, कार्बनच्या मागे लागू नकोस पहिल्याच वर्षी. गरम तारेने फोम काप, त्यावर ग्लास फायबर, व्हॅक्यूम बॅग. मागची धार पातळ ठेवायच्या नादात सगळे मोडतात, तिथे आत एक पट्टी घाल. आणि माउंटिंग मजबूत कर. पंखाने खाली ढकललं आणि ब्रॅकेटच वाकलं तर तुझे ते छत्तीस किलो हवेतच राहिले. जर्मनीच्या फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमात चाचणी असते ना, २०० न्यूटनला १० मिमीपेक्षा जास्त वाकायचं नाही? पिटलेनने वर लिहिलंय तेच की हे, फक्त तुझ्या गाडीला. ती तपासणी कारखान्यातच करून घे, स्पर्धेच्या ठिकाणी नको.

वागळेत माझ्याकडे गरम तारेचं मशीन आहे. शनिवारी दुपारनंतर ये. घोडबंदरकडून येऊ नकोस, पोचणार नाहीस.

सायनपनवेल

घोडबंदर +१

आणि टेस्टिंग कुठे करणार? पामबीच रोड पहाटे रिकामा असतो 😀

संपादक

पामबीच रोडबद्दलचे गंमतीचेही प्रतिसाद नकोत. सार्वजनिक रस्त्यावर विनानंबरची गाडी चालवणं गुन्हा आहे. पुढचे काढून टाकले जातील.

नेरूळकर_वेल्डिंग

नाही नाही, कॉलेजच्याच आवारात, मागच्या पार्किंगमध्ये, परवानगी आहे. ताई, हवा कुठे सुटते ते बघायला काही स्वस्तातलं?

मेशवाली

पंखाच्या खालच्या बाजूला लोकरीचे बोटभर तुकडे सेलोटेपने लाव, ओळीत. मागे कॅमेरा. लोकर सरळ मागे धरून राहिली तर हवा चिकटलेली आहे. फडफडली किंवा उलटी फिरली तर तिथे हवा सुटली, कोन कमी कर. एफ-वनवाले पॅराफिनमध्ये चमकता रंग कालवून गाडीला फासतात, त्याचं काम तेच, फक्त फोटो छान येतात.

खाडीकाठचे, तुमच्या धाग्याचं अपहरण झालं, माफ करा.

खाडीकाठचा

अहो उलट बरं झालं. ग्रुपवर आता हाच धागा फेकतो.

पण एक राहिलं. साइडपॉडच्या पुढे ती उभी फळकुटं दिसतात, चाकामागे, ती कशाला?

मेशवाली

पुढच्या चाकामागची घाणेरडी हवा आत ओढायला. टीमला ती नेहमी बाहेर फेकायची असते, कारण बाहेर गेली तर आपला फ्लोअर स्वच्छ, मागच्याचा पाठलाग गढूळ. नियम करणाऱ्यांना नेमकं उलटं हवंय, म्हणून पुढचा पंख १०० मिमीने अरुंद केला आणि ही फळकुटं बसवायला लावली. २०२२ लाही हाच इरादा होता. सुरुवातीला पाठलाग सोपा झाला, आणि २०२५ पर्यंत सगळ्यांनी बाहेर फेकायच्या वाटा शोधून काढल्या. या वेळीही काढतील. फळकुटाच्या खालच्या कडेवर लक्ष ठेवा, पहिली लबाडी मला तिथे अपेक्षित आहे.

नेरूळकर_वेल्डिंग

कॅप्टनला ताईंचे आकडे दाखवले. सर्व्हो रद्द झाला, थोडा फुगलाय तो. काका, शनिवारी फोम घेऊन येतो. फ्लॅपच्या पिव्हटला बेअरिंग कुठलं घेऊ?

लेथवाले काका

पिव्हटला बेअरिंग कशाला रे आता? पुढे एक बोल्ट, त्यावर फ्लॅप फिरेल. मागे एंडप्लेटला कमानीत तीन भोकं, तीन कोन. पाहिजे त्या भोकात दुसरा बोल्ट. नायलॉक नट (सहज सैल न होणारा) वापर, आणि एंडप्लेटला भोकांच्या जागी ॲल्युमिनियमचा तुकडा आतून चिकटव, नाहीतर फायबर चुरडेल. ड्रिल माझ्याकडे आहे, एंडप्लेट सोबत आण.